पहिली मूठ

मार्गासनी
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

आत्या, पाया पडतो.

लाईट गेली आहे. गिरणीच्या उंबऱ्यावर बसून लिहितो आहे, म्हणजे लाईट आली की लगेच उठता येईल. फुलाबाईंचे गहू निम्मे दळून राहिले आहेत आणि त्या बाकावर बसून माझ्याकडे बघत आहेत. आत्ताच म्हणाल्या, "एवढं काय लिवतोस रं, कुणावर खटला भरतोस का?" मी म्हटलं, आत्याला पत्र. त्या म्हणाल्या, "मग लिव. आमचं पीठ काय, उद्या मिळालं तरी चालंल."

तुमच्या वाडीत रेंज येत नाही आणि भिमादादाला फोनवर सांगितलेलं डोंगर चढेपर्यंत निम्मं सांडतं, म्हणून पत्र. त्याचा दुधाचा टेम्पो कामथडीला थांबतो तेव्हा धनाजीच्या दुकानातून घेईल. उत्तरही तिथेच ठेवायला सांगा.

कारण असे. परवा, शुक्रवारी, अंगणवाडीत प्रांजलचं वजन झालं. अठरा महिने पूर्ण झाले आहेत. वजन सात किलो सातशे ग्रॅम. काटा बरोबर नसेल असं वाटून मी तिला घरी आणून गिरणीच्या काट्यावर पुन्हा ठेवलं. तेवढंच भरलं. कार्डावर तिचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात गेला आहे. पिवळ्याच्या खाली लाल असतो. राजनंदिनी सकाळी सातला रस्त्यावरच्या हॉटेलात भाकरी थापायला जाते, त्यामुळे दिवसभर प्रांजलचं खाणं माझ्याकडेच असतं. म्हणजे हा ठिपका माझा आहे.

अंगणवाडीच्या सुलक्षणाताई म्हणाल्या, पेज नुसती देऊ नका, त्यात भाजलेल्या बियांची पूड घाला. जवस, कारळे, भोपळ्याच्या बिया. अंगाला लागतात. मी विचारलं किती, त्या म्हणाल्या थोडी. थोडी म्हणजे किती, असं विचारणार, तर माझ्यामागे अजून नऊ बाया उभ्या होत्या.

मला भीती वाटते. मागच्या वर्षी आमच्या आळीत एका पोराच्या घशात शेंगदाणा गेला होता. पालथं करून पाठीवर थापा मारल्या तेव्हा निघाला. मी तिथे होतो. पोराचा रंग मी पाहिला आहे.

आई गेल्यावर मला तुम्ही वाढवलंत, आणि मीही हाडकुळाच होतो म्हणतात. तेव्हा सांगा: कोणती बी आधी, किती, कशी, दिवसातून केव्हा. आणि काही झालं तर काय करायचं.

आपला,
हनुमंत


वरची वाडी, भोर
१४ नोव्हेंबर

हनमा,

पत्र पावलं. चार येळा वाचलं. अक्षर मोत्यावानी हाय, पर त्यात भ्याच जास्ती. तू ल्हान हुतास तवा हरभरं मोजून खायचास आन एक कमी भरला की माज्या पोरांवर आळ घ्यायचास. आजून तसाच हायेस.

आता नीट वाच.

अख्खी बी ल्हान लेकराला द्यायची न्हाई. शेंगदाणा न्हाई, हरभरा न्हाई, भोपळ्याची बी न्हाई. घशात जाती न्हाईतर तशीच खाली पडती, फायदा काय. भाजायची, कुटायची, पिठावानी बारीक करायची, पेजंत नीट कालवायची. कोरडी पूड तोंडात टाकायची न्हाई, ठसका लागतो. बसवून भरवायचं. पळता पळता घास न्हाई, हसवता हसवता न्हाई.

येका टायमाला येकच नवं. जवस चालू केलं तर चार दिस दुसरं काय नवं द्यायचं न्हाई. अंगावर पुरळ न्हाई, उलटी न्हाई, पोट ठीक, मग पुढं जायचं. पैलं चिमूटभर. मग चहाचा अर्दा चमचा, दिसातनं येकदा. त्याच्या वर न्हाई. लई घातलं म्हंजी लौकर वाढतं आसं नसतं. ते काय खत न्हाई.

नाचणी पाच किलो, जवस येक किलो, कारळं अर्दा किलो भिमाबरूबर धाडलंय. खायच्या डब्यातलं हाय. बियाण्याच्या डब्याला म्या हात लावला न्हाई. भिमानं त्याला गुलाबी औषद लावलंय, ते पेरायचं, खायचं न्हाई. तू पन दुकानातली पेरायची बी आणून लेकराला घालशील, तुजा काय नेम न्हाई, म्हून सांगितलं.

काय झालं तर काय करायचं म्हंतोस. दवाखान्यात न्यायचं. मला पत्र लिवत बसायचं न्हाई.

तुजी आत्या
कमळाबाई


मार्गासनी
रविवार, दि. ७ डिसेंबर २०२५, सकाळचे अकरा. प्रांजल झोपली आहे.

आत्या, पाया पडतो.

तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं. सोमवारी, १७ तारखेला, जवसाची चिमूट घातली. चार दिवस फक्त तेवढंच. मी तिच्या पोटावर, पाठीवर आणि कानामागे सकाळ-संध्याकाळ बघत होतो. राजनंदिनी म्हणाली, "तिच्या अंगावर तीळ किती हायेत ते बी लिवून ठेवा, लग्नात उपेगी पडंल." पाचव्या दिवसापासून पाव चमचा, पंधरवड्याने अर्धा. शी व्यवस्थित आहे. पाणी थोडं जास्त पाजतो.

कारळे चालू केले नाहीत. तिला वास आवडला नाही, तोंड फिरवलं. मी जबरदस्ती केली नाही.

परवाच्या शुक्रवारी वजन सात किलो नऊशे पन्नास. अडीचशे ग्रॅम वाढलं. सुलक्षणाताईंनी ठिपका दिला तेव्हा मी पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होतो. पिवळ्यातच आहे, पण वर चढला आहे. ताईंनी इतर आयांना सांगितलं, "हनुमंताला विचारा कसं करायचं." आता गिरणीत दोन-चार जणी विचारायला येतात. मी तुम्ही लिहिलेलंच सांगतो, हातातलं पत्र बघून.

एक गोष्ट विचारायची आहे. जवस नुसतं दळलं तर त्याच्या तेलाने पीठ चिकटून दगड धरतो. म्हणून मी नाचणीतच भाजलेलं जवस मिसळून गिरणीत एकदम दळलं, पाच किलोला अडीचशे ग्रॅम. पीठ इतकं बारीक आलं की बोटाला लागतही नाही. महिनाभर पुरेल. हे बरोबर आहे ना?

आपला,
हनुमंत


वरची वाडी
१३ डिसेंबर

हनमा,

वजन वाचून लई बरं वाटलं. भिमाला वाचून दावलं, त्यो म्हनला, अडीचशे गिराम म्हंजी आपल्या शेरडाचा कान. हसू दे त्याला. लेकराचं अडीचशे गिराम लई असतं.

पर महिन्याचं येकदम दळू नगंस. जवसाला तेल असतं, दळल्यावर आठ-दहा दिसात खवट होतं. खवट पीठ लेकराच्या पोटाला वंगाळ. आठ दिसाला लागंल तेवढंच दळ, झाकणाच्या डब्यात ठेव. गिरण तुजीच हाय, तुला कोन दळणावळ मागतंय.

संक्रांतीला म्या येणार. प्रांजलचं बोरन्हाण ह्या वर्सी करायचं, गेल्या वर्सी राहून गेलं. बोरं हितली लई गोड, ती घिऊन येते. लेकराच्या डोक्यावरनं वतायला, खायला न्हाई. तू बिया काढत बसशील म्हून आधीच सांगते.

कमळाबाई


मार्गासनी
मंगळवार, दि. १३ जानेवारी २०२६, सकाळचे सहा वाजून पंधरा मिनिटे. हे घेऊन मी आत्ताच कामथडीला निघणार आहे.

आत्या,

रविवारी, ११ तारखेला, संध्याकाळी साडेसहाला प्रांजलला नेहमीची पेज दिली. सात-आठ मिनिटांत तिचे ओठ सुजले. मग डोळ्यांभोवती. पोटावर, मांड्यांवर लाल गांधी उठल्या आणि उलटी झाली. मी तिला मोटारसायकलवर राजनंदिनीच्या मांडीत देऊन नसरापूरला नेलं. रस्त्यात ती रडत होती तोपर्यंत मला बरं वाटत होतं. निम्म्या वाटेवर रडणं थांबलं तेव्हा मी गाडी थांबवून बघितलं. श्वास घेत होती, पण घशातून आवाज येत होता. डॉक्टरांनी दारातच इंजेक्शन दिलं. रात्रभर ठेवून घेतलं. काल दुपारी घरी आणलं. आता सूज नाही.

डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय खाल्लं. मी सांगितलं, काहीच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मला आठवलं. पहिली पिशवी संपल्यावर भिमादादाने जवसाची दुसरी पिशवी आणली होती, आणि त्यातलं दळण रविवारी दुपारीच केलं होतं. नवीन फक्त तेवढंच.

आत्या, तुम्ही बियाण्याच्या डब्याला औषध लावलेलं आहे असं लिहिलं होतं. दोन डबे शेजारी असतील. तुमची नजर हल्ली पूर्वीसारखी नाही. मी काही आरोप करत नाही. पण चूक कुणाच्याही हातून होते आणि ही चूक माझ्या मुलीच्या घशापर्यंत गेली.

उरलेली पिशवी परत पाठवत आहे. यापुढे जवस, कारळे, काही पाठवू नये. नाचणीही नको. मी दुकानातलं आणीन. सुलक्षणाताईंनाही मी सांगितलं की बिया सोडल्या.

बोरन्हाणाचं या वर्षी राहू द्या. घरात तसं वातावरण नाही. आपण येऊ नये.

हनुमंत


वरची वाडी
२१ जानेवारी

हनमा,

पिशवी मिळाली. लेकराची सूज उतरली, हे वाचलं, बाकीचं मग वाचलं.

बियाण्याचा डबा माळ्यावर हाय, खायचा चुलीमागं. मदी सा हाताचं अंतर. सुईत दोरा ह्या घरात आजून म्याच ववते.

तरीबी तू म्हनलास म्हून मला झोप लागंना. म्या पिशवी चादरीवर वतून बी अन् बी उन्हात बघितली. गुलाबी कायबी न्हाई. मग सात दिस त्याच पिशवीतलं रोज चमचाभर भाजून खाल्लं. भिमा म्हनला, आये, तुज्या वयात परीक्षा देतीस का. मेले आसते तर त्यानं कळवलं आसतं.

दुसरं काय म्या सांगू शकत न्हाई. तुजी लेक, तुजं घर.

पर नाचणी बंद करू नगंस. तूप घाल, अंडं शिजवून दे. रागानं लेकराचा घास कमी करायचा न्हाई.

कमळाबाई


मार्गासनी
रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६, दुपारचे साडेतीन. गिरण बंद ठेवून लिहितो आहे. आज लाईट आहे.

आत्या,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं घडलं तसंच लिहितो.

तुमचं पत्र आल्यावर मी ते डब्यात ठेवलं आणि उत्तर लिहिलं नाही. मला वाटलं, तुम्ही मान राखण्यासाठी असं लिहिलं आहे. नाचणी चालू केली, पण धास्तीने निम्मीच द्यायचो. अंडं दिलं नाही, नवीन म्हणून. तुम्ही रागाबद्दल लिहिलं होतं. राग नव्हता, भीती होती, पण घास कमी झाला तो झालाच.

२५ जानेवारीला रथसप्तमी होती. राजनंदिनी प्रांजलला कडेवर घेऊन फुलाबाईंकडे हळदीकुंकवाला गेली. कुणीतरी तिळगुळाचा लाडू राजनंदिनीच्या हातावर ठेवला आणि प्रांजलने वाकून त्याला जीभ लावली. फक्त जीभ. तिथेच ओठ सुजला, गांधी उठल्या. पुन्हा नसरापूर, पुन्हा इंजेक्शन. या वेळी लवकर पोचलो. डॉक्टरांनी पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, तिथे तपासणी झाली. तीळ तिला चालत नाहीत. थोडेसुद्धा नाहीत. जवसाचंही त्यांनी तपासलं, त्याचं काही नाही. शिवाय ते म्हणाले, दोन महिने रोज खाल्लं आणि काही झालं नाही, त्याच्यावर संशय घेऊच नका.

मग ११ तारखेला काय झालं? त्या दिवशी तर घरात तीळ नव्हते. मी नाचणी दळली, जवस दळलं, पेज केली.

पुण्याहून येताना एस.टी.त मला दळणाची वही आठवली. घरी आलो ते थेट गिरणीत गेलो. ११ जानेवारीचं पान काढलं. तुम्हाला माझी सवय माहीत आहे, मी प्रत्येक दळण लिहितो. त्या पानावर असं आहे: "६. फुलाबाई, बाजरी १२ किलो, भोगीसाठी, तीळ घालून. ७. घरचे, नाचणी १ किलो, जवस ५० ग्रॅम."

भोगीच्या भाकरीसाठी बाया बाजरीत मूठभर तीळ घालूनच दळायला आणतात. त्या आठवड्यात सगळ्याच आणत होत्या. आणि एकाचं दळण संपलं तरी दगडात आणि पीठ उतरतं त्या कापडी पिशवीच्या तोंडात मूठभर पीठ राहतं. ते पुढच्याच्या दळणात पडतं. त्याचं पुढच्याच्या पुढच्यात. गावात सगळ्यांना हे माहीत आहे. कुणी तक्रार करत नाही, पहिली मूठ नेहमी शेजाऱ्याचीच असते. फुलाबाईंची मूठ माझ्या एक किलोत पडली. पाच किलो दळलं असतं तर तिचा अंश तरी कमी आला असता.

आत्या, आता जे लिहितो ते मला जड जातं. एकादशीच्या आधी लोक वरई आणि राजगिरा घेऊन येतात. तेव्हा मी काय करतो? पट्टा थांबवतो, झाकण उघडतो, दगड ब्रशने झाडतो, पिशवी बदलतो, आणि त्यांच्याच वरईची पहिली मूठ दळून बाजूला काढून गुरांना घालतो. कशासाठी, तर कुणाचा उपवास मोडू नये. सात वर्षं करतो आहे, एकदाही चुकलो नाही. पण माझ्या लेकीच्या पिठासाठी दगड झाडला नाही. घरचंच तर आहे, असं वाटलं.

मी तुमच्या नजरेबद्दल लिहिलं होतं. वही माझ्यासमोर टांगलेली होती आणि मी दोन आठवडे ती उघडली नाही.

अजून एक. मी गावात सांगितलं होतं की जवसामुळे झालं. त्यामुळे ज्या आया मला विचारायला यायच्या त्यांनी सगळ्यांनी जवस बंद केलं, आणि सुलक्षणाताईंना ऐकून घ्यावं लागलं. एकीने त्यांना तोंडावर म्हटलं, "तुमच्या बियांनी पोरगी मेली असती." ताईंनी मला काहीच सांगितलं नाही. परवा, ६ तारखेला, वजनाच्या दिवशी मी सगळ्या आयांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं: जवसाचा दोष नाही, माझ्या गिरणीचा आहे. वही दाखवली. फुलाबाई रडायला लागल्या, त्यांना वाटलं त्यांच्यावरच आलं. मी म्हटलं, तुम्ही बाजरीत तीळ घातले यात काय चूक, दगड झाडायचं काम दळणाऱ्याचं. ताई म्हणाल्या, "बसा आता हनुमंतराव, पोरीला काट्यावर ठेवू द्या." वजन आठ किलो भरलं. ९ जानेवारीला आठ किलो दोनशे होतं. दोनशे ग्रॅम मी घालवले.

आता गिरणीत तिळाचं दळण फक्त शनिवारी संध्याकाळी, सगळ्यात शेवटी. मग दगड झाडायचा. पाटी लावली आहे. गेनबा पाटलांच्या ओट्यावर बसून लोक म्हणतात, "हनुमंताच्या गिरणीला सोवळं आलं, आता आंघोळ करून दळण न्यायचं." म्हणू देत.

काल कामथडीला गेलो होतो. धनाजीने विचारलं, "आत्या बऱ्या हायेत का? संक्रांतीला लई वेळ बसल्या हुत्या हितं." मला काही कळलं नाही. मग त्याने सांगितलं. तुम्ही १४ तारखेला सकाळी भिमादादाच्या टेम्पोतून खाली आला होता. बोरांची पाटी, हलव्याचे दागिने, नवं झबलं. माझं पत्र त्याने तिथेच तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते बाकावर बसून वाचलंत, पाणी मागितलंत, बोरं त्याच्या पोरांना वाटलीत. तोवर टेम्पो पुढे गेला होता. तुम्ही एकट्या एस.टी.ने भोरला परत गेलात.

तुमच्या पत्रात यातलं काहीच नव्हतं.

मला माफ करा, असं लिहिणं सोपं आहे. म्हणून तेवढंच लिहून थांबत नाही. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिहा. पण जवस पुन्हा चालू करू का, हे मात्र सांगा, कारण ते विचारायला मला दुसरं कुणी नाही.

हनुमंत


वरची वाडी
१६ फेब्रुवारी

हनमा,

काल शिवरात्र हुती. दिसभर उपास करून संध्याकाळी तुजं पत्र वाचलं, मग फराळ गेला न्हाई. भिमाला वाटलं कुनी गेलं का काय.

धनाज्याच्या तोंडाला झाकण न्हाई. त्याला म्या सांगितलं हुतं, बोलू नगंस.

खरं सांगू? त्या बाकावर मला तुजा राग आला न्हाई. मला वाटलं, खरंच माज्या हातनं झालं आसंल. नजरंचं तू लिवलंस, ते खोटं न्हाई रं. सुईत दोरा ववते, पर चार येळा थुकी लावून. त्या सात दिसात म्या जवस खात हुते ते तुला दावायला न्हाई. मलाच कळत नव्हतं. रोज सकाळी उठले की वाटायचं, बरं, आज पन काय झालं न्हाई. तुज्या ह्या पत्रानं माजी नजर मला परत दिली. ते तुला कळावं म्हून लिवलं.

आता कामाचं. जवस चालू कर, डाक्तर व्हय म्हनला हाय तर. पर पैल्यासारकं चिमटीपासनं. तुज्या गिरणीत न्हाई. घरी मिक्सरचं येक भांडं फकस्त तिचं ठेव, त्यात दुसरं काय घालायचं न्हाई. कारळं आन दुसऱ्या बिया डाक्तरला इचारल्याबिगर न्हाई. आन तीळ घरी परत चाखवून बघू नगंस, बरं झालं का काय म्हून. तू तसा न्हाईस, पर बाया लाडानं देत्यात. चटणीत तीळ असत्यात, लाडवात असत्यात, हाटेलातल्या भाकरीवर असत्यात. राजनंदिनीला सांग, घरी आल्यावर हात धुवून, लुगडं बदलून मग लेकराला घ्यायचं.

दोनशे गिराम गेलं, ते यील. लेकरू हाय, ते हिशेब धरून बसत न्हाई. तू बसतोस.

जवस दोन किलो आन नाचणी धाडते. येण्याचं म्हंशील तर बघू. गुडघा दुखतो. बोरं संपली.

कमळाबाई


मार्गासनी
रविवार, दि. ८ मार्च २०२६, सकाळचे दहा. प्रांजल माझ्यासमोर बसून स्वतःच्या हाताने पेज खाते आहे, निम्मी कपाळाला लागली आहे.

आत्या, पाया पडतो.

१९ फेब्रुवारीपासून जवस पुन्हा चालू केलं, चिमटीपासून. मिक्सरचं वेगळं भांडं घेतलं, त्यावर लाल रंगाने तिचं नाव घातलं आहे. नाचणी गिरणीत दळतो, सोमवारी सकाळी सगळ्यांत पहिली, दगड झाडून, आणि पहिली मूठ शेरडांना. एकदा मी झाडत असताना फुलाबाई आल्या आणि ब्रश माझ्या हातातून घेतला. म्हणाल्या, "कोपऱ्यातलं ऱ्हायलंय." खरंच राहिलं होतं.

अंडं चालू केलं. डॉक्टरांना विचारून.

डॉक्टरांनी तिच्यासाठी कार्ड लिहून दिलं आहे, काय चालत नाही आणि असं झालं तर काय करायचं. एक अंगणवाडीत, एक राजनंदिनीच्या पर्समध्ये, एक गिरणीत. सुलक्षणाताईंनी आता वहीत नवीन रकाना काढला आहे, कोणत्या मुलाला काय चालत नाही. पहिलं नाव प्रांजलचं. दुसरं वरच्या आळीतल्या एका पोराचं निघालं, त्याला शेंगदाणा चालत नाही, आणि त्याच्या आईला आजवर वाटायचं तो नाटक करतो. पाच आयांनी जवस पुन्हा चालू केलं आहे.

परवा वजन झालं. आठ किलो तीनशे पन्नास. अजून पिवळ्यातच आहे, मी खोटं लिहीत नाही. तिचं वय वाढतं तशी हिरवी रेषही वर सरकते, हे मला आधी कळलं नव्हतं. पण ठिपका खाली गेला नाही. ताई म्हणाल्या, चढ असाच राहिला तर पावसाळ्याच्या आत हिरव्यात येईल.

तुमच्या नजरेबद्दल जे लिहिलंत ते मी राजनंदिनीला वाचून दाखवू शकलो नाही. तिने स्वतः घेऊन वाचलं. मग म्हणाली, "आता घेऊन या त्यांना. गुडघा दुखतो म्हंत्यात ते गुडघ्याचं न्हाई." मलाही तसंच वाटतं. नसरापूरला डोळ्यांचा कॅम्प आहे, २२ तारखेला, रविवारी. मोतीबिंदू असेल तर निघेल. भिमादादाला मी विचारून ठेवलं आहे, तो टेम्पोतून कामथडीपर्यंत आणील. तिथून पुढे मी मोटारसायकल घेऊन उभा राहीन. सकाळी आठपासून. तुम्ही आला नाहीत तरी उभा राहीन, आणि मग वर येईन.

हिशेब लिहितो, कारण तो लिहिल्याशिवाय मला पत्र पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

खर्च:
नसरापूरचा दवाखाना, दोन वेळा मिळून: २,४०० रुपये
पुण्याची तपासणी: १,८५० रुपये
एस.टी. आणि पेट्रोल: ५१० रुपये
मिक्सरचं भांडं: ४५० रुपये
गिरणीचा नवा ब्रश आणि पाटीचा रंग: २६० रुपये
एकूण: ५,४७० रुपये

देणे:
नसरापूरच्या डॉक्टरांचे बाकी: ६०० रुपये, पुढच्या महिन्यात
जवस तीन किलो, कारळे अर्धा किलो, नाचणी दहा किलो: भिमादादा भाव सांगत नाही
१४ जानेवारी, कामथडी ते भोर, एस.टी.चं अर्धं तिकीट, आणि भोरपासून वाडीच्या पायथ्यापर्यंत वडाप जीप: ७० रुपये. हे मी भिमादादाकडे देणार नाही. हे तुम्ही येऊन माझ्या हातून घ्यायचे.

आपला,
हनुमंत